पाण्याचीही हवा काढावी लागते : ट्रॅक्टरच्या शीतकरण प्रणालीतील एक दुर्लक्षित काम

डिझेल संपून ट्रॅक्टर शेतात बंद पडला, तर केवळ टाकी भरून तो पुन्हा सुरू होत नाही, हे प्रत्येक चालकाला ठाऊक असते. नळ्यांत आणि फिल्टरमध्ये शिरलेली हवा आधी बाहेर काढावी लागते. फिल्टरवरील स्क्रू सैल करायचा, हातपंप मारायचा, फेस थांबून सलग धार लागली की स्क्रू आवळायचा. ही क्रिया गावोगावी अंगवळणी पडलेली आहे. त्याच इंजिनात पाण्याचा एक वेगळा मार्ग असतो आणि त्यातही अशीच हवा अडकून राहते. ती काढण्याची सवय मात्र तितकी रुजलेली नाही. याचे कारण सरळ आहे. डिझेलच्या मार्गात हवा राहिली, तर इंजिन सुरूच होत नाही आणि चूक जागच्या जागी कळते. पाण्याच्या मार्गात हवा राहिली, तरी इंजिन सुरू होते, गुळगुळीत चालते आणि अवजार जमिनीत उतरून काम चांगले रंगात आल्यावर तापू लागते. तोपर्यंत रेडिएटर भरल्याला एखादा दिवस उलटून गेलेला असतो आणि दोष भलत्याच भागाला दिला जातो.

रेडिएटरचे पाणी बदलणे, फुगलेला होज पाईप काढून नवा बसवणे, वॉटर पंप दुरुस्त करणे ही कामे बहुधा हंगामाच्या तोंडावर उरकली जातात. खरिपाच्या मशागतीपूर्वी मे महिन्यात ट्रॅक्टर आणि गव्हाच्या काढणीपूर्वी कंबाइन हार्वेस्टर दुरुस्तीसाठी उभे राहतात. पंजाब आणि हरियाणातील अनेक कंबाइन काढणीच्या काळात मध्य प्रदेश, गुजरात, महाराष्ट्र अशा राज्यांत शेकडो किलोमीटरचा प्रवास करून येतात. घराजवळ घाईने भरलेल्या पाण्यातील उणीव अशा वेळी परमुलखात, ऐन कामात उघडी पडते. सिलिंडर हेड वाकले किंवा हेड गॅस्केट जळाले, तर दुरुस्तीचा खर्च होतोच. परंतु हंगामातील हातचे गेलेले दिवस त्याहून महाग पडतात. ही हानी टाळण्यासाठी कोणतेही विशेष उपकरण लागत नाही. पाण्यातील हवा कशी वागते याची समज आणि एक-दोन तासांचा संयम एवढेच पुरते.

उष्णतेचा हिशेब

डिझेल जळून जी ऊर्जा निर्माण होते, तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भागच चाकांच्या आणि अवजाराच्या कामी येतो. सुमारे एक तृतीयांश धुरावाटे बाहेर जातो आणि जवळपास तितकीच उष्णता शीतकाला, म्हणजे पाण्याला किंवा कूलंटला, वाहून न्यावी लागते. ५० अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भारावर सुमारे ३७ किलोवॉट शक्ती देते. त्या वेळी पाण्याकडे ३० किलोवॉटच्या आसपास उष्णता येत असेल, तर ती घरगुती वापराचे दोन किलोवॉटचे पंधरा गिझर एकाच वेळी चालू ठेवण्याइतकी असते. ज्वलनकक्षातील वायूचे तापमान दोन हजार अंश सेल्सिअसच्या घरात जाते. त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये धातूची अवघी एक भिंत असते. ती भिंत सुरक्षित राहते, कारण तिच्या दुसऱ्या बाजूला पाणी सतत वाहत असते.

त्या पाण्याच्या जागी हवा असेल तर काय होते, हे आकड्यांवरून स्पष्ट होईल. एक लिटर पाणी एका अंशाने तापताना सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता घेते. एक लिटर हवा एका अंशाने तापताना जेमतेम सव्वा ज्यूल घेते, म्हणजे पाण्याच्या साधारण साडेतीन हजारावा भाग. उष्णता वाहून नेण्याच्या दृष्टीने हवेचा पोकळ कप्पा असणे आणि तेथे काहीच नसणे यांत फारसा फरक नाही. ही हवा नेहमी उंच जागी जमते आणि इंजिनातील उंच जागा म्हणजे सिलिंडर हेड, जेथे उष्णता सर्वाधिक असते. रेडिएटरमध्ये पाणी काठोकाठ दिसत असताना एक्झॉस्ट वाल्व्हच्या भोवतालचा धातू कोरडा तापत राहू शकतो. धातू असमान तापला की असमान प्रसरण पावतो. हेड वाकते, त्याला तडा जातो किंवा गॅस्केटची पकड सुटते.

हवेचा दुसरा परिणाम वॉटर पंपावर होतो. इंजिनाचा वॉटर पंप हा विहिरीवरील अपकेंद्री पंपाच्याच जातीचा असतो. विहिरीवरील पंपात हवा शिरली की मोटार फिरत राहते पण पाणी चढत नाही, हा अनुभव सर्वांचा आहे. इंजिनातही तेच घडते. पट्टा फिरतो, पंखा फिरतो, पंपही फिरतो. पाणी मात्र जागच्या जागी उभे राहते.

हवा कोठून येते आणि का अडकते

जुन्या ट्रॅक्टरांत ही अडचण वेगळ्या रूपात होती. १९१७ साली बाजारात आलेल्या फोर्डसन ट्रॅक्टरला वॉटर पंपच नव्हता. तापलेले हलके पाणी वर चढायचे, रेडिएटरमध्ये थंड होऊन खाली उतरायचे आणि या नैसर्गिक प्रवाहावरच इंजिन थंड राहायचे. पाण्याची पातळी वरच्या नळीच्या तोंडाखाली गेली की हा प्रवाह तुटत असे. आजच्या इंजिनांत पंप, थर्मोस्टॅट, दाबाचे झाकण, बायपास नळी आणि वातानुकूलित केबिन असल्यास हीटरच्या नळ्या असा गुंतागुंतीचा मार्ग असतो. कार्यक्षमता वाढली, तशी हवा दडून बसण्याची ठिकाणेही वाढली.

प्रणाली रिकामी केली की संपूर्ण मार्ग हवेने भरतो. पुन्हा पाणी ओतताना ते खालून वर चढत जाते आणि हवेला वरच्या बाजूने बाहेर पडायला वाट लागते. पाणी भसाभस ओतले, तर रेडिएटरचे तोंडच पाण्याने बंद होते आणि आतील हवेची वाट अडते. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट मिटलेला असतो. त्याच्या खालच्या बाजूची, म्हणजे हेडमधील हवा त्यामुळे कोंडली जाते. ही अडचण ओळखूनच अनेक थर्मोस्टॅटांच्या चकतीवर एक बारीक छिद्र आणि त्यात हलणारी छोटी पिन दिलेली असते. थर्मोस्टॅट बसवताना हे छिद्र वरच्या बाजूला यावे लागते. ते खाली आले, तर हवेसाठी ठेवलेली वाट हवेपर्यंत पोहोचतच नाही.

शिवाय पाण्यात विरघळलेली हवाही असते. आधणाचे पाणी उकळण्यापूर्वीच पातेल्याच्या तळाशी आणि कडांना बारीक बुडबुडे धरतात, ती हीच हवा. नवे पाणी इंजिनात पहिल्यांदा तापते, तेव्हा ती मोकळी होते आणि उंच जागी जाऊन साठते. म्हणून भरताना कितीही काळजी घेतली, तरी पहिल्या तापण्यानंतर पातळी पुन्हा पाहणे अटळ असते.

रोजच्या वापरातही हवा आत शिरू शकते. इंजिन थंड होताना पाणी आकुंचन पावते आणि दाबाच्या झाकणातील लहान झडप उघडून राखीव टाकीतील पाणी परत ओढले जाते. राखीव टाकी रिकामी असेल, तिची नळी चिरलेली असेल किंवा झाकणाचे रबर कडक झाले असेल, तर पाण्याऐवजी हवा ओढली जाते. पंपाच्या ओढीकडील खालच्या होजची पट्टी सैल असेल, तर इंजिन चालू असताना तेथून पाणी न गळताही हवा आत जाऊ शकते.

हवा राहिल्याची लक्षणे

पहिली खूण पाणी भरतानाच मिळते. काढलेले पाणी बादलीने मोजावे आणि घातलेलेही मोजावे. पुस्तिकेत प्रणालीची क्षमता बारा लिटर दिली असेल, प्रणाली पूर्ण रिकामी केली असेल आणि नऊ लिटरांतच रेडिएटर भरलेला दिसू लागला, तर उरलेल्या तीन लिटरांच्या जागी हवा आहे असे समजावे. मात्र इंजिनाच्या ब्लॉकवरील निचऱ्याची तोटी उघडली नसेल, तर जुने पाणी आतच राहते; हा फरक ध्यानात घ्यावा.

इंजिन चालू झाल्यावर डॅशबोर्डमागून किंवा हीटरच्या नळ्यांतून पाणी खळखळल्याचा आवाज येणे, तापमानाचा काटा अचानक वर जाऊन पुन्हा खाली येणे, इंजिन तापलेले असूनही हीटरमधून थंड हवा येणे ही पुढची लक्षणे होत. सर्वांत फसवे लक्षण म्हणजे काटा खालीच राहणे. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडलेला असेल तरच पाण्याचे तापमान खरे सांगतो. त्याच्याभोवती हवा असेल, तर इंजिन धोक्याच्या मर्यादेपर्यंत तापले तरी काटा निवांत राहू शकतो. काट्यावर विसंबून राहणाऱ्या चालकाला या स्थितीत पूर्वसूचनाच मिळत नाही.

भरण्याची आणि हवा काढण्याची रीत

प्रत्येक इंजिनाची रचना थोडीफार वेगळी असते. म्हणून उत्पादकाच्या पुस्तिकेतील सूचना प्रथम वाचाव्यात. बहुतेक ट्रॅक्टरांना लागू पडणारा क्रम पुढीलप्रमाणे आहे.

१. इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय काम सुरू करू नये. रेडिएटरचे तोंड हा मार्गातील सर्वांत उंच बिंदू राहील अशा रीतीने ट्रॅक्टर उभा करावा. गरज असल्यास पुढची चाके किंचित चढावर घ्यावीत, हँडब्रेक लावावा आणि मागील चाकांना उटी द्यावी.

२. रेडिएटरची आणि ब्लॉकची अशा दोन्ही तोट्या उघडून पाणी बादलीत काढावे व मोजावे. तोटी गंजाने तुंबली असल्यास तारेने मोकळी करावी.

३. होजच्या पट्ट्या तपासून तोट्या बंद कराव्यात. केबिनमध्ये हीटर असल्यास त्याची मूठ पूर्ण गरम बाजूला फिरवावी, म्हणजे त्या नळ्याही भरतील. थर्मोस्टॅटच्या घरावर किंवा वरच्या नळीजवळ हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो सैल करावा.

४. शीतक बारीक धारेने ओतावे. मधूनमधून थांबून वरचा होज हाताने दाबावा व सोडावा. अडकलेले बुडबुडे वर येतात. सैल केलेल्या स्क्रूतून फेसाळ थेंबांऐवजी सलग धार येऊ लागली की तो आवळावा.

५. झाकण न लावता इंजिन सुरू करून मंद गतीवर ठेवावे. सुमारे ८० अंशांच्या पुढे थर्मोस्टॅट उघडतो, वरचा होज गरम लागतो आणि रेडिएटरमधील पातळी एकाएकी खाली जाते. ही पातळी खाली जाणे म्हणजेच हेडमधील हवेची जागा पाण्याने घेणे होय. त्याच मिश्रणाचे शीतक हळूहळू घालून पातळी राखावी. दोन-तीन वेळा गती किंचित वाढवून पुन्हा कमी करावी. या वेळी चेहरा तोंडावर झुकवू नये आणि पंख्यापासून हात व कपडे दूर ठेवावेत.

६. बुडबुडे थांबल्यावर पातळी पुस्तिकेत सांगितलेल्या खुणेपर्यंत आणून झाकण घट्ट लावावे. हलक्या भाराने पंधरा-वीस मिनिटे ट्रॅक्टर चालवावा, पूर्ण थंड होऊ द्यावा आणि पातळी पुन्हा पाहावी. पुढील दोन-तीन दिवस सकाळी काम सुरू करण्यापूर्वी हीच तपासणी करावी.

राखीव टाकी नसलेल्या ट्रॅक्टरचा रेडिएटर गळ्यापर्यंत काठोकाठ भरू नये. २५ अंशांवरून ९० अंशांपर्यंत तापताना पाण्याचे आकारमान सुमारे तीन टक्क्यांनी वाढते. बारा लिटर पाणी चारशे मिलिलिटरच्या आसपास वाढते आणि तेवढे बाहेर सांडणारच. पहिल्या दिवशी थोडे पाणी सांडले म्हणून बिघाड झाला असे मानण्याचे कारण नाही.

बुडबुडे थांबतच नसतील तर

भरताना अडकलेली हवा मर्यादित असते; ती एकदा निघाली की संपते. दोन-तीन वेळा इंजिन तापवून आणि थंड करूनही बुडबुडे येतच राहिले, गती वाढवताच ते वाढले आणि रोज सकाळी पातळी घटलेली आढळली, तर ती बाहेरची हवा नसून ज्वलनकक्षातील वायू असण्याची शक्यता अधिक असते. हेड गॅस्केट गळू लागले किंवा हेडला तडा गेला, तर हा वायू दाबाने पाण्यात शिरतो. इंजिन ऑइल दुधाळ होणे, धूर पांढरा येणे किंवा पाण्यावर तेलाचा तवंग दिसणे ही त्याची पूरक लक्षणे आहेत. अशा वेळी हवा काढत बसण्यात अर्थ नसतो. ट्रॅक्टर थांबवून जाणकार यंत्रज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. रीतसर हवा काढण्याचा हा दुहेरी उपयोग आहे: दोष हवेचाच असेल तर तो मिटतो आणि वेगळा असेल तर तो लपून राहत नाही.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची चूक

इंजिन तापते अशी तक्रार आली की थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा उपाय देशभर सर्रास केला जातो. अडकलेल्या हवेच्या बाबतीत तो काही वेळा गुणकारी वाटतो, कारण थर्मोस्टॅटबरोबर हवेचा अडसरही दूर होतो. परंतु त्यानंतर इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, इंधन अधिक जळते, ऑइलमध्ये काळा गाळ वाढतो आणि रिंग व लायनरची झीज लवकर होते. ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासचा मार्ग बंद करतो, तेथे तो काढल्यावर बरेचसे पाणी रेडिएटरला वळसा घालून तसेच गरम परत फिरते आणि भारावर इंजिन उलट अधिक तापू शकते. थर्मोस्टॅट खराब आहे की नाही, हे पातेल्यातील पाण्यात तो टांगून, पाणी तापवून आणि तापमापक लावून घरीच पाहता येते. खराब असल्यास त्याच तापमानाचा नवा बसवावा; रिकामी जागा ठेवू नये.

पाणी, उंची आणि हवामान

भारताच्या सर्व भागांत एकच पाणी आणि एकच हवामान नाही. राजस्थान, हरियाणा, गुजरात आणि दख्खनच्या पठारावरील अनेक विहिरींचे पाणी जड असते. असे पाणी रेडिएटरमध्ये वारंवार घातल्यास आत क्षारांचा थर बसतो आणि उष्णता अडते. म्हणून कूलंट मिसळण्यासाठी क्षारविरहित पाणी वापरावे. ते न मिळाल्यास स्वच्छ भांड्यात धरलेले आणि गाळलेले पावसाचे पाणी विहिरीच्या जड पाण्यापेक्षा बरे.

समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळते. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेह येथे ते ८८ अंशांच्या आसपासच उकळते. थर्मोस्टॅट ८२ अंशांना उघडत असेल, तर झाकणाचा दाब नसताना तेथे अवघ्या काही अंशांचेच अंतर उरते. दाबाचे चांगले झाकण ही उणीव भरून काढते. वातावरणापेक्षा अर्धा बार अधिक दाब राखल्यास समुद्रसपाटीला पाण्याचा उत्कलनांक सुमारे १११ अंशांवर जातो. एथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मे-निम्मे मिसळल्यास गोठणांक उणे ३५ अंशांच्याही खाली उतरतो. हिमालयातील थंडीत ब्लॉक फुटू नये यासाठी तो उपयोगी आहे आणि मैदानी प्रदेशात गंजरोधक म्हणून. हे रसायन चवीला गोड पण विषारी असते. काढलेले जुने कूलंट गुरे, कुत्री आणि लहान मुले यांच्यापासून दूर, झाकलेल्या डब्यात ठेवावे. गोठ्याजवळ किंवा पाणवठ्यात ओतू नये.

दोन सूचना कोणत्याही प्रदेशात सारख्याच लागू आहेत. तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडू नये. दाब सुटताच उकळते पाणी आणि वाफ अंगावर उसळते. तसेच पाणी कमी होऊन तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतू नये. लाल तापलेल्या तव्यावर पाणी पडावे तशी त्याची गत होते आणि हेडला तडा जातो.

प्रशिक्षणाची सोय

मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ साली केंद्रीय कृषी यंत्रसामग्री प्रशिक्षण व चाचणी संस्था सुरू झाली. पुढे हरियाणात हिसार, आंध्र प्रदेशात गारलादिन्ने आणि आसामात बिश्वनाथ चारियाली येथेही अशा संस्था उभ्या राहिल्या. यंत्रांची निवड, वापर आणि देखभाल यांचे प्रशिक्षण तेथे शेतकरी, चालक व यंत्रज्ञ यांना मिळते. ट्रॅक्टरच्या अधिकृत चाचणीतही इंजिन भारावर असताना शीतकाचे तापमान नोंदवले जाते. यंत्र उन्हाळ्यात किती भार पेलेल, हे त्या नोंदीवरून कळते. मात्र ती नोंद पूर्ण भरलेल्या प्रणालीची असते. शेतातील ट्रॅक्टरने तशीच कामगिरी द्यावी अशी अपेक्षा असेल, तर त्याची प्रणालीही तितकीच पूर्ण भरलेली हवी.

अवजारे भाड्याने देणाऱ्या केंद्रांनी आणि एकाहून अधिक चालक असलेल्या ट्रॅक्टरमालकांनी एक साधी वही ठेवावी. पाणी कधी बदलले, किती लिटर निघाले, किती लिटर गेले आणि पुढील तीन सकाळी पातळी किती होती, एवढ्या चार नोंदी पुरेशा आहेत. निघालेले आणि घातलेले लिटर जुळले नाहीत, तर ट्रॅक्टर शेतात नेण्यापूर्वीच त्याची हवा काढता येईल.